आरोपी निर्दोष करून द्या

पुण्याच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. तोंडात घास होता, म्हणून सुरुवातीचं बोलणं मी नुसतं हूं हूं करत ऐकलं. कादंबरी आवडली म्हणाले. कोर्टाचा भाग अस्सल उतरलाय म्हणाले. भाषा छान रांगडी आहे म्हणाले. रांगडी हा शब्द मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. मग ते म्हणाले, "मॅडम, एक छोटासा बदल सुचवू का?"

"सुचवा की."

"तुमचा आरोपी निर्दोष करता येईल का?"

मला वाटलं, यांनी शेवट वाचलेला नाही. मी म्हटलं, "सर, तो सुटतोच शेवटी."

"सुटतो हो. पण त्यानं चोरी केलेली असते ना. चोराला सोडवणारा वकील नायक म्हणून जरा जड जातो. वाचक त्याच्या बाजूनं उभा राहायला कचरतो. त्याऐवजी साधा, गरीब माणूस, कुणीतरी त्याला अडकवलंय, आणि वकील त्याला बाहेर काढतो, असं केलं की सगळं कसं जमून येतं. मधली थोडी पानं बदलावी लागतील. फार नाही."

शिंप्याला सांगावं, बाही जरा आखूड करा, तसं सांगत होते. मला राग आला की मी फार नीट बोलते. "विचार करून कळवते सर," म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. पुढच्या तासाला अकरावीच्या पोरांना मी काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

वाचणाऱ्याला कोडं नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या कादंबरीतला आरोपी म्हणजे माझे वडील. आणि चोरी त्यांनी केली होती.

आमचं मूळ कुंभार पिंपळगावचं. आण्णा तरुणपणीच नवीन जालन्यात आले आणि एका बियाणे कंपनीच्या गोदामात हमालीला लागले. मी त्यांची थोरली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि पदवी घेऊन उतरले. हे मी कुणालाही, विचारलं नाही तरी सांगते. लोकांना तो गर्व वाटतो. वाटू द्या. ज्यांच्या घरात आज्यापासून डिग्र्या टांगलेल्या आहेत त्यांनी मला नम्रता शिकवू नये.

तर गोदाम. शेतकऱ्यांच्या प्लॉटवरून मक्याचं बी येतं तेव्हा ते साधं पिवळं असतं. मग त्याला औषध चढवतात, लाल रंग देतात, आणि पिशव्या भरतात. लाल झालेलं बी माणसानं खायचं नाही, जनावरानंही नाही. ते सुटं विकायला नेलं तर घेणारा विचारतो, कुठून आणलंस बाबा? पिवळ्याला कुणी काही विचारत नाही. तो नुसता मका असतो. आण्णांनी चार गोण्या पिवळा मका गोदामाच्या मागच्या दारानं काढला आणि गावाबाहेरच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर विकला.

का काढला, असं विचारलं तर माझ्याकडं डोळ्यांत पाणी आणणारं उत्तर नाही. घरात कुणी आजारी नव्हतं. माझी फी स्कॉलरशिपमधून जात होती. त्या पैशांतून आण्णांनी आणि त्यांच्या दोन दोस्तांनी गल्लीच्या गणपतीसमोर वाजवायला माणसाएवढा उंच स्पीकर आणला. आईला एक साडी आणली. बस्स. मागचं दार उघडं असायचं, कुणी बघत नव्हतं, आणि शेजारच्या गल्लीचा स्पीकर आमच्या गल्लीच्या स्पीकरपेक्षा मोठा होता.

माल मोजताना गोण्या कमी भरल्या. मॅनेजरनं तक्रार दिली. गोण्या फार्मवर पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यानं आण्णांचं नाव सांगितलं. पोलीस आण्णांना घेऊन गेले, आणि जामिनावर ते घरी आले तेव्हा त्यांना मांडी घालून बसता येत नव्हतं. पण पोलिसांची एक अडचण होती. चोरी शाबीत करायची तर माल जप्त झालेला पाहिजे, आणि माल तर कोंबड्यांच्या पोटात गेलेला. मग त्यांनी दोन गोण्या कुठून तरी आणल्या, त्यांना लाखेचं सील लावलं आणि पंचनाम्यात लिहिलं की आरोपीच्या घरातून पलंगाखालून जप्त. आमच्या घरात तेव्हा पलंगच नव्हता. आम्ही सगळे खाली झोपायचो.

आम्ही ज्यांच्याकडं गेलो ते वकीलसाहेब जुन्या जालन्यातले. गोदामातल्याच एका हमालानं त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांच्या घरी उर्दू, कोर्टात मराठी, आणि पक्षकाराशी दोन्ही मिसळून. तोंडात कायम वेलदोडा. फी आधी घ्यायचे आणि घेताना हसायचे नाहीत. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. घरात कागद वाचता येणारी मी एकटी, म्हणून आण्णांनी मला सोबत नेलं.

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बेटी को बाहर बिठाओ."

"राहू द्या साहेब," आण्णा म्हणाले. "कॉलेजात जाती. तिला कळतं सगळं."

"ठीक. देखो भाऊ, माल तुम्ही नेला का न्हाई ते मी विचारणार न्हाई. ते माझं काम न्हाई. पोलिसांनी काय आणलंय तेवढं मी बघतो."

कुठलाही शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. पण आमच्याकडं पक्की समजूत की डॉक्टरापासून आणि वकिलापासून काही लपवायचं नसतं, लपवलं की औषध लागू पडत नाही. आण्णा हात जोडून म्हणाले, "न्हाई साहेब, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मीच नेल्ता. चार गोण्या. पण त्यो कोंबड्यांनी खाल्ला."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोंबड्यांनी खाल्ला."

"बिलकुल खाल्ला साहेब."

"मंग पोलिसांच्या गोण्यांत काय हाय?"

"ते मला काय म्हाईत? मी नेलेला पिवळा होता. त्यांनी आणलेल्या गोणीच्या शिवणीतून लाल दाणा गळून राह्यलाय. मी ठाण्यात बघितला ना."

वकीलसाहेब उठले, खिडकीपाशी गेले, वेलदोड्याचं साल बाहेर टाकलं. परत येऊन म्हणाले, "ये बात किसी को बोलना नहीं. बायकोलाबी न्हाई." मग माझ्याकडं बोट केलं. "और तू तो सुनीच नहीं."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, आमच्याकडं पलंग नाही हे पण सांगा ना कोर्टात."

"सांगायला साक्षीदार लागतो बेटा. कौन? तेरी अम्मा. ती पिंजऱ्यात उभी राहून रडेल, आणि सरकारी वकील विचारतील, नवरा घरात मका आणत होता का? मंग ती काय बोलेल? पलंग सोड."

पुढच्या खेपेला माझे काका गावाकडून आले. त्यांनी आपल्या परीनं भावाला सोडवायची तयारी करून आणली होती. म्हणाले, "साहेब, मी शपथेवर सांगतो. त्या दिवशी दादा माझ्यासंगं पिंपळगावच्या बाजारात होता. बैल बघायला गेल्तो आम्ही."

वकीलसाहेबांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "उठा. पोलिसांचं खोटं मी पकडणार. तुमचं खोटं मी कोर्टात आणणार न्हाई. ये दो अलग काम हैं. दुसरं काम करणारे बाहेर बहुत बसलेत, त्यांच्याकडं जा."

काका जिना उतरताना म्हणत होते, "असला कसला वकील. आपल्याच माणसाला हाकलून राह्यलाय."

ती दोन वाक्यं, हे वेगळं काम आणि ते वेगळं काम, माझ्या कादंबरीचा कणा आहेत. मी ती लिहिली कारण असा माणूस मी पुस्तकात कधी पाहिला नव्हता. पुस्तकातला वकील आधी आरोपीच्या डोळ्यांत बघतो, त्याला तिथं सत्य दिसतं, आणि मग तो केस घेतो. आमच्या वकीलसाहेबांनी डोळ्यांत बघायच्या आधीच सत्य त्यांच्या टेबलावर येऊन पडलं होतं, कोंबड्यांसकट. तरी त्यांनी केस सोडली नाही, आणि तरी ते खोटं बोलले नाहीत. या दोन्हींच्या मधे जी अरुंद जागा उरते तिच्यात ते उभे राहिले. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी बघितलंय.

कोर्टातला तो दिवस कुणाला सांगितला तर लोक निराश होतात. न्यायाधीशांकडं हातोडा नव्हता. आपल्याकडं तो नसतोच, पण लोकांना तो पाहिजे असतो. पंख्याचा आवाज एवढा की शिपायानं पुकारलेलं नाव नीट ऐकू येईना. आण्णा मागं उभे, हात बांधून. मॅनेजरनं साक्षीत आधीच सांगितलं होतं की चोरीला गेलेला मका बिनप्रक्रियेचा, म्हणजे पिवळा होता. वकीलसाहेब उठले, म्हणाले, मुद्देमाल उघडायची परवानगी द्यावी. शिपायानं सील तोडलं आणि गोणी खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर थोडी रिकामी केली. लाल मका. सगळ्या खोलीत औषधाचा वास सुटला. पहिल्या बाकावरचा एक वकील शिंकला.

"हे बियाणं प्रक्रिया केलेलं आहे?" वकीलसाहेबांनी पिंजऱ्यातल्या मॅनेजरला विचारलं.

मॅनेजरनं सरकारी वकिलाकडं पाहिलं. सरकारी वकील कागद बघत होते.

"आहे."

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "हे खरे आहे की, माझ्यासमोर उघडलेल्या गोणीतील मका प्रक्रिया केलेला आहे." मशीन वाजलं. वकीलसाहेब म्हणाले, "एवढंच," आणि बसले. भाषण नाही, बोट रोखणं नाही. आमच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढं निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे, असे शब्द होते. गल्लीत ते शब्द पोचेपर्यंत निर्दोष झाले. ज्या स्पीकरपायी हे सगळं झालं तोच स्पीकर बाहेर काढून लोकांनी तो संध्याकाळभर वाजवला. कोर्टाबाहेर आण्णा वकीलसाहेबांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागं सरकले. "पाय नको. त्या गोदामाच्या रस्त्यानं परत जाऊ नको. दुबारा आलास तर फी डबल."

त्यानंतर आण्णा कधीही गोदामाकडं गेले नाहीत. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दुसऱ्यांकडं हमाली केली आणि तिथून एक दाणाही आणला नाही. पण तेव्हापासून ते सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आलेत. मला फसवलं होतं. पोलिसांनी खोटा माल ठेवला होता, कोर्टात उघडा पडला. यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पहिलं ऐकलं की मी आत निघून जायचे.

वकीलसाहेब वारले त्या वर्षी मी कादंबरी लिहायला घेतली. सुट्टीच्या दिवसांत कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचे. पोलीस विचारायचे, "मॅडम, कोणत्या केसमधी हाव?" मी म्हणायचे, सगळ्या. लिहिलेलं आईला वाचून दाखवायचे, ते आण्णांच्याही कानावर जायचं. नावं बदलली, गावं बदलली, गोण्यांचा आकडा बदलला. आरोपी बदलला नाही. बदलता आलाच नसता. आरोपी निर्दोष असता तर वकीलसाहेबांनी काय मोठं केलं? निर्दोष माणसाच्या बाजूनं तर मांजरसुद्धा उभं राहील. त्यांचा सगळा मोठेपणा माझ्या बापाच्या चोरीवर उभा आहे.

हे मी संपादकांना दुसऱ्या फोनवर समजावायचा प्रयत्न केला, बापाचा उल्लेख न करता. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बरं, दोषी ठेवू या. पण निदान कारण द्या ना चोरीला. मुलगी हुशार आहे, तिला कॉलेजात घालायचं आहे, पैसे नाहीत. वाचक लगेच माफ करतो."

स्टाफरूममध्ये बाकीचे होते म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले. त्या माणसाला माहीत नव्हतं की तो कुणाशी बोलतोय, हे मला कळत होतं. तरी माझे कान तापले. माझी फी मी मार्कांवर मिळवली होती. पहाटे उठून आईबरोबर पाणी भरलं, दिवसा कॉलेज केलं, संध्याकाळी दुसऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. आणि आता एका टेबलामागं बसून हे गृहस्थ माझ्या पदवीखाली चोरीच्या गोण्या सारत होते. म्हणजे गरिबाची पोरगी शिकली तर तिच्यासाठी कुणीतरी चोरी केलेली असलीच पाहिजे.

"स्पीकरसाठी केली त्यानं चोरी," मी म्हटलं. "तसंच राहील."

"मॅडम, स्पीकरसाठी चोरी करणाऱ्याबद्दल सहानुभूती कशी वाटणार?"

"वाटू नका देऊ सर. त्याला सहानुभूती नको होती. वकील पाहिजे होता."

हे वाक्य मला तेव्हाच सुचलं आणि अजूनही त्यात बदल करावा असं वाटत नाही. कुणी आवडला तर त्याला न्याय, नाही आवडला तर नाही, हा हिशोब आपण कधी शिकलो? आमच्याच स्टाफरूममध्ये मी कादंबरीचा विषय सांगितला तर एक सर चहा ढवळत म्हणाले, "चोरांचा उदोउदो करायला लागले आता साहित्यिक." हेच सर दर परीक्षेला आपल्या भाच्याला पुढच्या बाकावर बसवून उत्तरं सांगतात. मी ते त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले. आता आमचं बोलणं नाही. चालतं.

घरी मात्र मला वाटत होतं, निदान इथं तरी माझ्या बाजूचं कुणी असेल. आण्णा ओट्यावर बसले होते, गुडघ्याला तेल चोळत. मी सांगितलं, पुण्याचे लोक म्हणतात आरोपी निर्दोष करा. मी नाही म्हणतेय.

आण्णांचा हात थांबला. "का न्हाई?"

"म्हणजे?"

"करून टाक की निर्दोष. त्यांचंबी काम हुईल, आपलंबी हुईल."

"आण्णा, तुम्ही नेला होता माल."

"कोर्टानं सोडलंय मला. कोर्टापेक्षा तू मोठी झाली का, माय?"

"संशयाचा फायदा दिला. निर्दोष नाही म्हणाले."

"एकच हाय ते."

"एक नाही."

आतून आई म्हणाली, "हळू बोला. गल्लीला कशाला ऐकवून राह्यले?"

आण्णांनी आवाज खाली आणला, पण राग तसाच ठेवला. "तू तिथं बसल्ती म्हणून तुला म्हाईत. वाचणाराला कुठं म्हाईत?"

"वकीलसाहेबांना माहीत होतं."

"ते तर गेले."

"म्हणून तर लिहितेय. तुम्ही त्यांना खरं सांगितलं, कुणी विचारलं नसताना. आख्ख्या जन्मात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती, आणि तीच तुम्ही पुसून टाकताय. गल्लीला सांगता मला फसवलं. ते ऐकून वकीलसाहेबांना काय वाटलं असेल? ते म्हणजे नुसते गारुडी, टोपलीचं झाकण उघडलं आणि लाल मका दाखवला?"

मी एवढं बोलायला नको होतं असं आई नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. आण्णा उठून आत गेले. मग बरेच दिवस आम्ही एका घरात राहून एकमेकांशी आईमार्फत बोललो. तिला विचार, चहा पाहिजे का. त्यांना सांग, झाला माझा.

मी संपादकांना लिहून पाठवलं की आरोपी आहे तसाच राहील, बाकी काय पाहिजे ते बदला, दोन प्रकरणं काढा, शेवट आखूड करा. उत्तर आलं. सभ्य होतं. आपल्या लेखनाला शुभेच्छा, सध्या आम्हाला शक्य होणार नाही. मी ते वाचलं आणि भांडी घासायला बसले. भांडी आपटल्याशिवाय माझा राग उतरत नाही.

आण्णा दारात येऊन उभे राहिले. आईमार्फत नाही, सरळ मला विचारलं, "कवा छापून येणार ते?"

"येणार नाही."

"का?"

"तुम्ही चोर आहात म्हणून."

वाटलं, आता परत आत जातील. ते तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "चोरी मी केली. त्याच्या बापाचं काय गेलं? तुझं पुस्तक कशापायी अडवलं त्यानं?"

"त्यांना निर्दोष पाहिजे."

"फोन लाव."

"आण्णा, कशाला?"

"लाव म्हणतो ना."

मी ओल्या हातानं फोन लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्यापुढं धरला. संपादक हॅलो म्हणाले. आण्णांनी गळा साफ केला, कोर्टात उभे होते तसे उभे राहिले.

"हॅलो. मी जालन्यातून बोलून राह्यलो. मॅडमचा बाप. तुमच्या त्या पुस्तकातला चोर मी हाय."

त्यांनी फोन आणखी जवळ ओढला.

"हिनं लिहिलंय ते बराबर हाय. माल मीच नेल्ता. फक्त चार गोण्या होत्या, हिनं पाच लिहिल्यात. तेवढं दुरुस्त करा आणि छापून टाका."

आईनं तोंडाला पदर लावला. मी आण्णांकडं बघत राहिले. त्या वकिलाच्या खोलीनंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि या वेळी तर समोरचा माणूस त्यांच्या ओळखीचाही नव्हता. मला तेव्हा रडू आलं असतं. पण संपादक बोलायला लागले.

"अहो, हे आधी का नाही सांगितलं? मॅडम, तुम्ही ऐकताय ना? म्हणजे ही सत्यकथा आहे. मग कादंबरी कशाला? वडिलांची कहाणी मुलीच्या लेखणीतून. वडिलांचं नाव, गाव, फोटो, सगळं खरं. मुखपृष्ठावर वडीलच घेऊ. याला मागणी आहे. मग निर्दोष वगैरे करायची गरजच नाही."

कागदावरचा चोर त्यांना जड जात होता. खरा चोर, फोटोसकट, एकदम हलका झाला. त्याच्या बाजूनं उभं राहायचं नव्हतं ना, नुसतं बघायचं होतं. मी फोन जवळ घेतला आणि म्हटलं, "सर, माझे वडील हमाल होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा माल उचललाय. तुमचा उचलणार नाहीत." आणि बंद केला. नीट बोलायचं राहून गेलं त्या वेळी.

"काय म्हणून राह्यला त्यो?" आण्णांनी विचारलं. त्यांना सगळं समजलं नव्हतं.

"म्हणतो, तुमचं नाव आणि फोटो घालून छापू. चोर म्हणून."

आण्णा पायरीवर बसले. गुडघा चोळला. मग म्हणाले, "नाव घालायचं आसंल तर निर्दोष लिव्ह. बिगर नावाचं आसंल तर चोर लिव्ह. माझी ना न्हाई."

"असं का पण?"

"नाव आपल्या समद्यांचं हाय, माय. तुझं, तुझ्या भावाचं, काकाचं. चोरी माझ्या एकट्याची."

आई म्हणाली, "साडी मी नेसले की," आणि भांडी पुसायला घेतली.

हे मी त्यांच्या अटीवर, बिगर नावाचं लिहिलंय. कादंबरी माझ्याकडं आहे. गोण्या चार केल्या आहेत, तेवढी एकच दुरुस्ती मान्य. छापणारा कुणी भेटला तर आरोपीसकट छापावी लागेल. आणि ती वाचताना मधेच कुणी मला विचारू नये की त्यानं खरंच केली होती का. केली होती. पुढचं पान वाचा.